कामोठ्याहून चरीकडे

मानसरोवर स्टेशनच्या बाहेर उभे राहा, तोंड कामोठ्याकडे करा आणि वर्षं मागे टाकायला लागा. आधी पनवेल महानगरपालिकेच्या पाट्या जातात, कारण 1 ऑक्टोबर 2016 च्या आधी ही महानगरपालिकाच नव्हती. मग सेक्टर रिकामे होत जातात. खिडक्यांच्या ग्रिल, गच्चीवरच्या टाक्या, रिक्षांच्या रांगा, पोळी-भाजी केंद्रं, सातारा-सांगलीकडे जाणाऱ्या खासगी बसगाड्या, सगळं एकेक करून उतरतं. रस्ते जातात, रस्त्यांखालचा भराव जातो आणि तुमचे पाय काळ्या, चिकट, खारट मातीत रुततात. समोर भात कापलेली शेतं आहेत आणि पलीकडे खाडीचं पाणी अडवणारा बांध. जानेवारी 1984.

हवेत गारठा आहे. वालाच्या शेंगांचे दिवस आहेत, कुठेतरी पोपटी लागली आहे, भांबुर्ड्याच्या पाल्याचा उग्र वास इथवर येतो. पण या पट्ट्यातल्या गावांचं लक्ष आज त्याकडे नाही. माणसं उरणच्या रस्त्याला लागली आहेत. तुम्हीही त्यांच्यासोबत चाला.

17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जमिनीचा भाव ठरवताना जमीन कसणाऱ्याला कोणी विचारलं नाही. म्हणून आगरी, कोळी, कराडी अशी सगळी माणसं शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बा. पाटलांमागे उभी आहेत. जासईजवळ दास्तान फाट्याला गर्दी अडवली जाते. 16 जानेवारीला गोळीबार होतो, 17 तारखेला पुन्हा होतो. पाच जण जातात. याच लढ्याच्या रेट्यातून पुढे जमीनमालकांना साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायची योजना आली. कामोठ्यात तुम्ही ज्या इमारतीत राहता तिचा भूखंड त्यातलाच असण्याची शक्यता मोठी आहे. घराच्या कागदपत्रांत ‘साडेबारा टक्के’ हे शब्द कित्येकांनी वाचले असतील. त्यामागे हा रस्ता आहे आणि या रस्त्यावर पडलेली पाच माणसं आहेत, हे इमारतीत राहायला आलेल्यांपैकी फार थोड्यांना कोणी सांगितलं. गावातल्या माणसालाही कधी वाटलं नाही की तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला बोलावून सांगावं. एकाच जमिनीवर राहणारी ही दोन माणसं एकमेकांना ‘गाववाले’ आणि ‘घाटी’ म्हणून ओळखतात, आणि ओळख तिथेच थांबते.

ती पुढे कशी जाते हे बघायचं असेल तर आणखी मागे चला.

10 जानेवारी 1938. मुंबई. तुम्ही हजारो शेतकऱ्यांच्या मोर्च्यात आहात आणि मोर्चा विधिमंडळाच्या इमारतीकडे चालला आहे. कोणी बोटीने आलं आहे, कोणी रेल्वेने, कोणी वाटेत मिळेल ते खात पायी. कोकणातला कुणबी आहे, कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातला आगरी आहे, महार आहेत, घाटावरचे लोकही आहेत. मागणी खोती, म्हणजे खोताची जमीनदारी, रद्द करण्याची आहे. चार महिन्यांपूर्वी, 17 सप्टेंबर 1937 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं आहे. आज ते मोर्च्यापुढे बोलतात. जगात खऱ्या जाती दोनच, श्रीमंतांची आणि गरिबांची, अशा अर्थाचं काहीतरी ते सांगतात. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. कपाळावर घाम, खांद्यावर घोंगडी. आपल्या गावात बाबासाहेबांच्या जातीच्या माणसाला ओसरीवर घेतलं जात नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. तरी तो त्यांचं बोलणं कान देऊन ऐकतो आहे, आणि त्यांच्या नावाचा जयजयकार करतो आहे.

हे एका दिवसात झालेलं नाही. या प्रवासात आपण उलटे चाललो आहोत, त्यामुळे फळ आधी दिसलं, मूळ आता शोधायचं. अलिबागजवळच्या खारेपाटात, चरी गावात उतरा. साल 1934.

खारेपाट म्हणजे समुद्राकडून उसनी घेतलेली जमीन. खाडीकाठाने मातीचा बांध घालायचा, उघाड्या बसवायच्या, पावसाने मीठ धुऊन जाईल याची वाट बघायची आणि मग भात लावायचं. बांधाला खांड पडली की भरतीचं पाणी आत घुसतं आणि जे शेत समोर येईल ते बुडवतं. म्हणून बांधाची डागडुजी गावाने मिळून करायची रीत या भागात जुनी आहे, तिला जोळ म्हणतात. चिखलात कमरेपर्यंत उभं राहून माणसं एकमेकांच्या हातात ढेकळं देतात. इथल्या माणसाला एकत्र काम करणं शिकवावं लागलेलं नाही. पण जोळ संपली की जो तो आपापल्या आळीला जातो, महारवाडा गावाबाहेरच असतो आणि कातकऱ्याची वाडी त्याच्याही पलीकडे. एका चिखलात उतरूनही माणसांमधली अंतरं तशीच राहतात, हे इथे आल्याबरोबर ध्यानात घ्या. एकत्र राबलं की मनं आपोआप जुळतात असं फार लोक मानतात. खारेपाटाने पिढ्यान्‌पिढ्या मिळून बांध राखले, तरी वाड्या वेगळ्याच राहिल्या.

आता शेतांकडे बघा. पावसाळा आहे, तरी शेतं पडीक आहेत. तण माजलं आहे. 27 ऑक्टोबर 1933 रोजी इथे सभा झाली आणि 25 गावांनी ठरवलं की खोताची जमीन कोणी कसायची नाही. खोत सरकारला सारा भरणार आणि कुळाकडून पीक घेणार, निम्मं किंवा त्याहून जास्त. वर वेठ. खोताच्या घरी लाकडं फोडायला, मांडव घालायला, पालखी वाहायला बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जायचं. बांध फुटला तर तो बांधायचा कुळाने. एवढं करून कुळाचं नाव कागदावर नाही, खोताने सांगितलं की जमीन सोडायची. शेतकरी पुढारी नारायण नागू पाटलांनी या माणसांना एका ठिकाणी बसवलं आणि सांगितलं की नांगर धरू नका.

एका घरात शिरा. चूल पेटलेली आहे, पण वर तांदूळ नाही. घरची बाई सकाळी डोंगरावर गेली होती, मोळी आणून अलिबागच्या बाजूला विकून आली. पोरगा खाडीत चिंबोऱ्या धरतो. हे एका हंगामाचं नाही, असं सहा वर्षं चालणार आहे. शेतकऱ्यांचा इतका लांबलेला संप देशात दुसरा दाखवणं कठीण आहे. मोळी विकून सहा वर्षं घर चालवणाऱ्या त्या बाईचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. मला चरीचा संप आठवतो तेव्हा पहिल्यांदा ती आठवते.

आता खोताच्या ओसरीवरून हाच संप बघा. संप मोडायला त्याला पोलीस लागत नाहीत, पडीक शेतात नांगर घालायला तयार असलेली दुसरी माणसं मिळाली की झालं. पलीकडच्या वाडीत भूमिहीन महार आहेत, कातकरी आहेत. जमीन कसायला मिळाली तर त्यांच्या घरात दोन वेळचं शिजेल. संप करणाऱ्या आगरी कुळांनी त्यांना कधी आपल्या पंगतीत घेतलं नाही, मग त्यांनी या कुळांसाठी उपाशी का राहावं? खोताचा सगळा भरवसा या एका प्रश्नावर आहे. जातीने माणसं आधीच वेगळी करून ठेवली आहेत, त्याला फक्त त्या फटीत पहार घालायची आहे.

ती पहार बसत नाही, आणि त्याचं मोठं कारण 1934 च्या शेतकरी परिषदेत आहे. परिषदेचे अध्यक्ष म्हणून डॉ. आंबेडकर आले आहेत. गर्दीत उभे राहून त्या व्यासपीठाकडे नीट बघा. आगरी शेतकऱ्यांनी आपल्या लढ्याचं अध्यक्षपद एका महार माणसाला दिलं आहे, कुलाबा जिल्ह्यात, 1934 साली. सोबत सुरबानाना टिपणीस आहेत, अनंतराव चित्रे आहेत. दोघेही कायस्थ, पांढरपेशा घरांतले, आणि दोघेही सात वर्षांपूर्वी, मार्च 1927 मध्ये, याच जिल्ह्यातल्या महाडला चवदार तळ्याच्या सत्याग्रहात बाबासाहेबांसोबत होते. टिपणिसांनी महाडच्या नगराध्यक्षपदावरून त्या सत्याग्रहाला आधार दिला होता. म्हणजे ज्यांनी पाण्याच्या प्रश्नावर स्वतःच्या समाजाचा रोष पत्करला तेच लोक जमिनीच्या प्रश्नावर इथे उभे आहेत. महारवाड्यातल्या माणसाला ते दिसतं. या लोकांनी आपल्याला फक्त गरजेपुरतं बोलावलेलं नाही, हे त्याला त्यांच्या मागच्या वागण्यावरून कळतं. आगऱ्यालाही कळतं की हा मोठा शिकलेला वकील आपल्यासाठी लढायला आला आहे आणि त्याला बसायला सतरंजीचं वेगळं टोक देण्याचे दिवस गेले.

पंचवीस गावांतून शिवाशीव गेली असं मी म्हणत नाही. महारवाडे गावाबाहेरच राहिले, लग्नं जातीतच झाली. पण एवढी माणसं सहा वर्षं टिकली. 1937 मध्ये ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू झालं, 1939 मध्ये कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा मुंबई प्रांतात आला आणि 1949 च्या कायद्याने खोती गेली.

चरीहून आणखी चार वर्षं मागे जा, कामोठ्याच्या जवळ या. 25 सप्टेंबर 1930, चिरनेरचं अक्कादेवीचं रान. जंगलाचा कायदा सरपणाला, चराईला, कुऱ्हाडीला आडवा आला आणि गावं रानात शिरली. गोळीबार झाला. आज चिरनेरला जे स्मारक आहे त्यावरची नावं वाचा: नाग्या महादू कातकरी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, रामा बामा कोळी, आलू बेमट्या म्हात्रे. आपल्याकडे आडनाव ऐकलं की पुढचं सगळं ठरवायची सवय आहे. इथे ती आडनावं एकाखाली एक कोरलेली आहेत. सरपण सगळ्यांच्या चुलीला लागत होतं, म्हणून सगळे आले. पण नाग्याची वाडी दुसऱ्या दिवशीही गावाच्या कडेलाच होती. सगळ्यांची गरज एक असली की लोक एका दिवसासाठी नक्की जमतात. सहा वर्षांसाठी जमायला आणखी काही लागतं. ते काय, हे समजायला जिथे ते नव्हतं तिथे गेलं पाहिजे.

1928, मुंबईचं गिरणगाव. भोंगा वाजला आहे, तुम्ही विणाई खात्यात शिरता. आवाज इतका की शेजारचा माणूस ओठांवरून बोलणं ओळखतो. हवा दमट, कापसाचे तंतू नाकात जातात. विणकर धोट्यातली कांडी बदलतो, धोटा तोंडाशी नेतो आणि भोकातून धागा श्वासाने ओढून घेतो. दिवसातून कितीदा तरी. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हातात जातो, त्याच्याही तोंडाला लागतो. एवढ्यासाठी या खात्यात महार-चांभार कामगाराला येऊ देत नाहीत. गिरणीतला चांगला पगार या खात्यात आहे. तो माणूस सूतखात्यात कमी पगारावर राबतो, त्याचा मुलगाही तिथेच लागेल.

एप्रिलमध्ये संप होतो. सुमारे दीड लाख कामगार बाहेर, सहा महिने गिरण्या बंद. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन याच वर्षी उभी राहिली आहे. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर ही तिच्या पुढाऱ्यांची नावं चाळीचाळीत पोचली आहेत. वर्ग, एकजूट, मालकशाही, सगळे शब्द भाषणांत आहेत. बाबासाहेब एकच गोष्ट विचारतात: विणाई खातं आमच्या लोकांना खुलं करा ही मागणी तुमच्या यादीत का नाही? ती शेवटी घेतली जाते, नाखुशीने. मालक हात वर करतात. आम्ही कुठे अडवलं आहे, म्हणतात, तुमचेच कामगार त्यांना आत घेत नाहीत. मालकांच्या तोंडी ते वाक्य किती सोयीचं होतं! आणि ते खोटंही नव्हतं, हे त्याचं अधिक दुःख.

पुढच्या वर्षी, 1929 मध्ये, पुन्हा संप पुकारला जातो, तेव्हा बाबासाहेब त्याला विरोध करतात. संप फसतो. त्याला कारणं अनेक होती, पण चाळीत बरीच वर्षं दलित कामगाराला संप मोडणारा म्हटलं गेलं. तुम्ही विणाई खात्यात उभे राहून आला आहात, तुम्हीच सांगा. ज्या माणसाच्या ओठाला लागलेला धोटा तुम्हाला चालत नाही, त्याने तुमच्या पगारवाढीसाठी आपल्या घरची चूल का विझवावी? माझ्या मते त्या फुटीचा दोष धोटा हातात धरून दार अडवणाऱ्यांकडे जातो. ते पगारासाठी लढत होते आणि आपल्याच बाजूचे हजारो हात त्यांनी दाराबाहेर ठेवले होते.

गिरणगाव आणि चरी यांत सहा वर्षांचं अंतर आहे. दोन्हीकडे शोषण तितकंच उघड आणि भूक तितकीच खरी. चरीला खालच्या मानलेल्या माणसाला लढ्याच्या मध्यभागी, अध्यक्षाच्या खुर्चीत जागा मिळाली. गिरणगावात त्याला यादीच्या तळाशी एक ओळ मिळाली, तीही मागून घ्यावी लागली.

आता परत निघा. वाटेत 7 नोव्हेंबर 1938 ला थोडं थांबा. औद्योगिक विवादांच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप आहे आणि बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट आज एकत्र आहेत. नऊ वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांकडे पाठ फिरवली तीच माणसं. मधल्या काळात बाबासाहेबांच्या मागे पक्ष उभा राहिला, विधिमंडळात जागा आल्या, आणि त्यांच्याशी बरोबरीने बोलणं भाग पडलं.

1954 मध्येही क्षणभर. त्या वर्षी अमेरिकेत ओक्लाहोमाच्या एका उन्हाळी शिबिरात मुझफ्फर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या 22 मुलांचे दोन गट केले आणि त्यांना स्पर्धेत उतरवलं. थोड्याच दिवसांत शिव्या, झेंडे जाळणं, मारामारी. मग शिबिराचं पाणी मुद्दाम बंद पाडण्यात आलं आणि टाकीतला अडथळा दोन्ही गटांनी मिळून काढला. संध्याकाळी जेवताना मात्र ती मुलं पुन्हा भांडली. एकामागून एक अशी बरीच कामं एकत्र करावी लागली, तेव्हा कुठे ती एका बसने घरी जायला तयार झाली. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्टने पूर्वग्रहांवरच्या पुस्तकात लिहिलं की नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाही. दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, काम हातात हात घालून करायला हवं आणि नियमांचा पाठिंबा हवा. चरीच्या शेतकऱ्यांनी यातलं बरंचसं वीस वर्षं आधी करून दाखवलं होतं. सगळं नव्हे, आणि पुरेसं नव्हे, पण केलं होतं.

तुम्ही कामोठ्यात परत आला आहात. रविवार सकाळ, इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. टँकरचा खर्च, लिफ्टची दुरुस्ती, महापालिकेच्या मालमत्ता कराचा घोळ. शेजारच्या चार सोसायट्या मिळून गेल्या तर पाण्याचा प्रश्न कार्यालयात जास्त जोराने मांडता येईल हे सगळ्यांना समजतं. पण त्यातली एक सोसायटी ‘त्यांच्या लोकांची’ आहे, दुसरीत ‘सगळे भाडेकरू’ आहेत, आणि गावातल्या नगरसेवकाकडे जायचं तर ‘ते लोक आपलं ऐकणार नाहीत’. म्हणून प्रत्येक सोसायटी आपला टँकर आपण मागवते आणि आपलं पत्र आपण देते. पुढचा विषय, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. कुटुंब चांगलं आहे, नोकरी पक्की आहे. मागच्या रांगेतून आवाज येतो, आडनाव काय?

तुम्हाला आता माहीत आहे की तो प्रश्न ज्या घराला ऐकवला जातो ते घर उद्या तुमच्या पाण्याच्या मोर्च्यात येणार नाही. त्याने का यावं?

‘आमच्याकडे जातपात कोणी मानत नाही’ हे वाक्य अशा सभांत फार ऐकू येतं. गिरणगावातल्या पुढाऱ्यांनाही तसंच वाटत असणार. म्हणून माझी विनंती साधी आहे. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय लेखी द्या: भाडेकरूला किंवा घर घेणाऱ्याला आडनाव, जात, धर्म, प्रांत किंवा घरात काय शिजतं हे विचारलं जाणार नाही, असा ठराव. तो पाण्याच्या आणि कराच्या विषयांच्या आधी, पहिला ठेवा. ज्या घरांना आजवर हे प्रश्न ऐकावे लागले त्यांच्यातल्या एकाला कमिटीत घ्या, सेक्रेटरी करा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला बोलावून 1984 ची हकीकत सगळ्यांसमोर सांगायला लावा. एवढं झालं की मग शेजारच्या चार सोसायट्यांना पत्र पाठवा.